कुमसार आणि क्षमा

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात गोव्यातील चर्चमधून कुमसारासाठी रांगा लागतात. पाद्रीच्या कानात पाप सांगितले की माणूस नव्या पापाला मोकळा, अशी थट्टा त्या वेळी आपल्या समाजात सर्रास ऐकू येते. ती अज्ञानमूलक आहे.

प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून निदान एकदा कुमसार करावा, असा दंडक १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. परंतु नुसत्या निवेदनाने क्षमा मिळते, असे चर्च म्हणत नाही. मनापासून पश्चात्ताप, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय, स्पष्ट कबुली आणि प्रायश्चित्त ही सारीच त्याची अंगे होत. चोरलेली वस्तू परत केली पाहिजे, कोणाचे नुकसान केले असल्यास ते भरून दिले पाहिजे. वेदीवर अर्पण वाहण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, ही तर येशूचीच शिकवण. म्हणजे कुमसाराची वाट अखेर घराच्या उंबरठ्यावरच येऊन पोहोचते.

या शिकवणीची खरी कसोटी एका केरळी कुटुंबाची लागली. मध्यप्रदेशात गोरगरिबांसाठी झटणाऱ्या राणी मारिया या धर्मभगिनीचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाताना भोसकून खून झाला. २००२ साली तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. त्याच्या मुदतपूर्व सुटकेला घरच्यांनी संमती दिली आणि २००६ साली तो सुटला. अकरा वर्षे त्याने तुरुंगात काढलीच. क्षमेने न्याय पुसला नाही, वैर मात्र पुसले.

ती राखी आपल्याच घरातली आहे. महात्माजींनीही पंधराव्या वर्षी आपल्या चोरीची कबुली चिठ्ठीवर लिहून वडिलांच्या हाती दिली होती आणि वडिलांनी अश्रू ढाळीत ती फाडून टाकली होती. आज मात्र वाटणीच्या दाव्यात भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. धाकट्यापुढे 'माझे चुकले' म्हणणे थोरल्याला कमीपणाचे वाटते. शेजाऱ्याच्या कुमसाराला हसण्यापूर्वी हे दोन शब्द आपल्या घरात अखेरचे केव्हा उच्चारले गेले, याचा प्रत्येकाने विचार करावा.