दोन गिटार, तिसरा ठेका

अंधेरी-मुलुंडच्या वन बीएचकेत दोन गिटार मावतात, ड्रमसेट मावत नाही. मावलाच, तर शेजारी मावू देत नाहीत.

यावरचा तोडगा मुंबईने केव्हाच ऐकला आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या यंत्रात खऱ्या ड्रमचा आवाज साठवलेला नव्हताच. विजेच्या आंदोलनांतून 'धप्प' घडवला जाई.

आज हे काम मोबाइलमधलं फुकटचं ॲप करतं. फक्त फोनच्या चिमुकल्या स्पीकरला बास ड्रमचा खर्ज झेपत नाही, म्हणून बाहेरचा स्पीकर जोडावा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही जास्त रेंगाळू शकतो. ठेका आधीच लावून ठेवला असेल तर बिघडत नाही. दोघंही गिटारवादक तोच उशिरा आलेला ठेका ऐकतात. स्क्रीनवर बोटांनी वाजवायचं असेल, तर मात्र वायरच हवी.

यंत्र नकोच? मग पेरू देशातला काहोन घ्या. पोकळ लाकडी खोका, त्यावरच बसायचं. मधोमध तळवा मारला की खर्ज, वरच्या कडेला टणत्कार. रात्री दहानंतर मात्र तोही बंद ठेवा.