पेटीच्या किल्ल्या आणि देशाचे सायबर पहारेकरी



आज आपण एका वेगळ्या नोकरीची माहिती घेणार आहोत. ही नोकरी करणारा माणूस आज कामावर काय केलं, हे घरच्यांनाही सांगू शकत नाही. सरकारच्या गुप्तवार्ता यंत्रणेतल्या संगणकांची राखण करणारे वरिष्ठ सायबर सुरक्षा तज्ज्ञ, त्यांची ही नोकरी. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आमचा काय संबंध? पण हिरड्याचे पैसे, गटाचं कर्ज, योजनेचा हप्ता आता खात्यावरच येतो. म्हणजे संबंध आहेच.

हेरगिरीची दुसरी बाजू

शिवनेरी आपल्या जुन्नरचा. त्यामुळे शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक आपल्याला नवे नाहीत. हेरखात्याची कामं दोन. एक, शत्रूची बातमी आणायची. दुसरं, आपली बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही. पहिल्या कामाच्या गोष्टी होतात, दुसऱ्याच्या होत नाहीत. आजचा सायबर तज्ज्ञ बहुतेक वेळ हे दुसरं काम करतो.

1999 च्या कारगिल युद्धानंतर देशाच्या गुप्तवार्ता व्यवस्थेची तपासणी झाली. त्यातून 2004 मध्ये राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना, म्हणजे एनटीआरओ, उभी राहिली. त्याच वर्षी सर्ट-इन ही संस्था सुरू झाली. देशात कुठेही संगणकावर हल्ला झाला की त्याची खबर हिच्याकडे जाते. 2014 मध्ये एनटीआरओच्या अखत्यारीत आणखी एक केंद्र आलं. वीज, बँका, रेल्वे, टेलिफोन अशा, बंद पडल्या तर देश अडेल अशा यंत्रणांकडे लक्ष ठेवणं हे त्याचं काम. सामान्य माणसाच्या फसवणुकीसाठी केंद्रीय गृह खात्याचं सायबर गुन्हे समन्वय केंद्र आहे आणि आपल्या राज्यात महाराष्ट्र सायबर हा पोलिसांचा विभाग आहे.

दिवसभर करतात तरी काय?

सिनेमात दाखवतात तसं भराभर बटणं दाबून शत्रूचा संगणक फोडणं, हे या कामात फार थोडं. बाकीचं काम आपल्या गटाच्या सचिवासारखं असतं.

आपली सचिव रोजकीर्द लिहिते. कोणी किती भरले, कोणाला किती दिले, सही कोणाची. संगणकही अशीच रोजकीर्द ठेवतो. कोण कधी आत आलं, कोणती फाईल उघडली, काय बाहेर पाठवलं. फरक इतकाच, की या वहीत दिवसाला लाखो ओळी पडतात. तज्ज्ञ त्यातून विसंगत ओळ शोधतो. दिवसा काम करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावानं रात्री तीन वाजता कोणी आत का आलं? रोज चार पानं बाहेर जातात, आज चारशे का गेली?

खोडदची मोठी दुर्बीण आपण पाहिली असेल. जीएमआरटीच्या त्या 30 तबकड्या आकाशातला अगदी क्षीण आवाज गोंगाटातून वेगळा काढतात. तज्ज्ञाचं कामही तसंच. त्याला कान चांगला लागतो आणि धीर त्याहून जास्त.

दुसरं काम किल्ल्यांचं. अनेक गटांत पेटी एकीकडे आणि किल्ल्या दुसऱ्या दोघी-तिघींकडे असतात. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर एकीला फसवलं तरी पेटी उघडू नये म्हणून. गुप्तवार्ता यंत्रणेत हाच नियम फार कडक असतो. एका माणसाच्या हाती सगळं देत नाहीत. ज्याला जेवढं कामापुरतं लागतं, तेवढंच त्याला दिसतं. अति महत्त्वाचे संगणक इंटरनेटला जोडतच नाहीत. मोबाईल दाराबाहेर ठेवावा लागतो. नोकरीआधी पोलिसांकडून चौकशी होते आणि 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो.

पुण्यात घडलेली गोष्ट

हे पहारे कशासाठी, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. 1906 साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक पुण्याची. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की बँकेच्या संगणकाला प्रश्न जातो, "पैसे देऊ का?" चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून उत्तर देणारा खोटा संगणक मधे बसवला. तो प्रत्येक प्रश्नाला "द्या" म्हणू लागला. नकली कार्डं घेतलेली माणसं 28 देशांत एटीएमपुढे तयार उभी होती. काही तासांत परदेशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये निघाले. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे काढले गेले. सोमवारी, 13 तारखेला, आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण 94 कोटींच्या वर.

खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, नुकसान बँकेनं सोसलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं 2019 च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे सहकारी बँकेवरचा दरोडा हा गुप्तवार्तेचाही विषय झाला! 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. नकली कार्डानं पैसे काढणारी ही साखळीतली खालची माणसं. थोड्या कमिशनसाठी आपलं नाव, आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणारे असेच अडकतात. घरातल्या तरुण मुलांना हे नक्की सांगा.

चोर दारातून कसा येतो?

2016 च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून चोरांनी सुमारे 95 कोटी डॉलर हलवायचा डाव टाकला. सुरुवात कशी केली? नोकरीचा अर्ज आहे असं भासवणारे ईमेल पाठवून. 8 कोटी 10 लाख डॉलर गेले. पण श्रीलंकेला जाणारे 2 कोटी डॉलर वाचले, कारण 'फाउंडेशन' हा शब्द चोरांनी चुकीचा लिहिला होता आणि एका बँकेतल्या माणसानं थांबून विचारलं, "हे असं का लिहिलंय?"

एवढ्या मोठ्या यंत्रणा, पण पैसे वाचवले ते थांबून प्रश्न विचारणाऱ्या माणसानं. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच. पहारा कितीही मोठा असो, चोर साध्या माणसाची घाई शोधतो. ती घाई बँकेतल्या बाबूची असेल, अधिकाऱ्याची असेल, नाहीतर आपली.

म्हणून आपल्यापुरतं एवढं ध्यानात ठेवूया. भीमाशंकरच्या वाटेवर प्रसाद-फुलांचं दुकान असेल, तर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, म्हणजे आपले पैसे जाणार. योजनेचं नाव घेऊन आलेली लिंक उघडायची नाही. अंगठ्याच्या मशीनवर अंगठा ठेवला की पावती घ्यायची. "मशीन चाललं नाही, पुन्हा ठेवा" म्हटलं, तर आधी खात्यातली शिल्लक बघायची. कोणी पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा. अशी अटक कायद्यात नाही.

आणि पैसे गेलेच, तर लाज वाटून गप्प बसायचं नाही. 1930 या नंबरावर लगेच फोन करायचा, बँकेलाही कळवायचं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवतो. फोन लवकर गेला, तर मधल्याच खात्यावर ते अडवता येतात. रेंजसाठी टेकाडावर जावं लागलं तरी त्याच घटकेला जायचं, उद्यावर टाकायचं नाही. एकीच्या तक्रारीतला मोबाईल नंबर आणि खाते नंबर तपास करणाऱ्यांना पुढची टोळी शोधायला उपयोगी पडतो. म्हणजे आपण फोन केला, की पहारेकऱ्यांच्या साखळीत आपलीही कडी जोडली जाते.

पहारेकऱ्यावर पहारा

ज्याच्याकडे किल्ली, तो स्वतःही डोकावू शकतो, ही शंका रास्त आहे. सरकारलाही कोणाचा फोन किंवा संगणक मनाला वाटेल तेव्हा तपासता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार त्यासाठी कारण नोंदवून वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. चांगल्या तज्ज्ञाला कुलूप जसं कळायला हवं, तशी आपल्या अधिकाराची हद्दही कळायला हवी.

आपल्या मुलींसाठी

या वाटेला लांबचं शहरच लागतं असं नाही. आपल्या आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला सरकारी तंत्रनिकेतन आणि सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका करता येते. गुप्तवार्ता विभागाच्या तांत्रिक पदांच्या भरतीत संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका चालते. जाहिरात निघाली की पात्रता नीट वाचा. वरिष्ठ व्हायला पुढं बरीच वर्षं जातात, शिकणं थांबत नाही, आणि केलेल्या कामाची वाहवा बाहेर होत नाही. पण जी मुलगी हिशेबातला एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत वही मिटत नाही, तिच्या अंगी या कामाचा पहिला गुण आलेलाच आहे.

गटाच्या बैठकीत बोलूया

1. आपल्या गटाच्या पेटीच्या किल्ल्या आणि बँकेतल्या सह्या किती जणींकडे आहेत? सगळं एकीच्याच हाती तर नाही ना?
2. 1930 हा नंबर प्रत्येकीच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहिला का?
3. गावात कोणाची फसवणूक झाली असेल, तर तिला बोल न लावता तक्रारीला सोबत कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीच्या वहीत नावानिशी लिहून ठेवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!