राखेच्या दगडातली सायकलवाट

तुर्कस्तानच्या मध्यभागी असलेल्या कापादोक्याचा दगड साध्या लोखंडी हत्याराने कोरता येतो. तिथले सुळके, डोंगरातली घरे आणि सायकलच्या चाकाखाली उडणारी पांढुरकी भुकटी, सगळे या मऊपणातून आले आहे. लाखो वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखींनी राखेचे थरावर थर टाकले. ती राख दाबली जाऊन टफ नावाचा ठिसूळ दगड झाला, आणि त्यावर जागोजागी कठीण थर बसले. पावसापाण्याने मऊ भाग धुऊन नेला. ज्याच्या डोक्यावर कठीण दगडाची टोपी होती, तो खांब तेवढा उरला. टोपी घसरली की त्याचीही झीज झपाट्याने होते. या सुळक्यांचे तुर्की नाव ‘पेरीबाजासी’, म्हणजे परीचे धुराडे. यातली ‘पेरी’ आणि आपली परी दोघीही फारसीच्या माहेरवाशिणी.

निवांत सायकलसहलीला तीन-चार दिवस पुरतात. मुक्काम बहुधा गोरेमे गावात. मात्र हा प्रदेश हजार मीटरहून उंच आहे आणि चढउतार भरपूर. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस बरे. उन्हाळ्यात दुपार भाजून काढते, हिवाळ्यात बर्फ पडते.

पहिल्या दिवशी उच्हिसारचा चढ. या गावाचा किल्ला म्हणजे एकच अवाढव्य खडक, आतून पोखरलेला. खालच्या दरीच्या कड्यांत कबुतरांसाठी कोनाडे कोरले आहेत. इथल्या निकस मातीत द्राक्षे पिकवायला कबुतरांची विष्ठा हेच मोलाचे खत होते.

गोरेमेजवळची कोरीव चर्चे मुख्यतः दहाव्या ते बाराव्या शतकांतली. त्यांतल्या ‘अंधाऱ्या चर्च’मध्ये छोट्याशा खिडकीतून जेमतेम उजेड येतो, म्हणूनच तिथली भित्तिचित्रे ताजी राहिली. अजिंठा-वेरूळचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो गोठलेला लाव्हा. त्यावर छिन्नी चालवण्याचे कष्ट वेगळेच. १९८५ साली गोरेमेचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

सर्वांत रमणीय वाट किझिलचुकुर, म्हणजे लाल दरीतली. लोहयुक्त थरांमुळे संध्याकाळी कडे तांबूस होतात. पायवाट अरुंद, भुसभुशीत. वळणावर चाक रुतते, आणि काही ठिकाणी उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. घाई असलेल्यांसाठी पहाटेचे बलून आहेतच, पण वरून द्राक्षमळ्यांचे बांध आणि दारांच्या चौकटी नीट दिसत नाहीत.

चाव्हुशिनवरून पुढे पाशाबाग लागते. इथे एकाच बुंध्यावर दोन-तीन टोप्या घातलेले सुळके आहेत, आणि एका सुळक्यात संन्याशांची खोली. जवळच्या झेल्वेत लोक १९५२ पर्यंत गुहांत राहत होते. कडे कोसळण्याच्या भीतीने त्यांना हलवावे लागले. ज्या मऊ दगडाने घरे दिली, त्यानेच ती परत मागितली.

झेल्वेनंतर रस्ता उतरत अवानोसला पोहोचतो. इथून तुर्कस्तानची सर्वांत लांब नदी किझिलइरमाक वाहते. तिच्या नावाचा अर्थच ‘लाल नदी’. तिच्या काठच्या तांबड्या मातीवर गावातल्या कुंभारांचा धंदा चालतो. पायाने फिरवायचे चाक अजूनही काही ठिकाणी दिसते, आणि पाहुण्याला त्यावर बसायचा आग्रह होतो. दिवसभर पेडल मारून आलेल्याला तेवढा सराव असतोच.