लक्षण नाही, पण हर्पीसचा रिपोर्ट पॉझिटिव्ह

हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला, एचएसव्ही-१, बहुधा लहानपणीच मोठ्यांच्या लाळेतून येतो आणि पुढे कधी ताप, कधी कडक ऊन यांच्या निमित्ताने ओठाच्या कडेला फोड उठवतो. दुसरा, एचएसव्ही-२, जवळजवळ नेहमीच लैंगिक संबंधातून येतो आणि जननेंद्रियांवर फोड किंवा जखमा करतो. दोघेही एकदा आत शिरले की मज्जातंतूंच्या गाठींत कायमचे राहतात. नागीण हा वेगळ्या विषाणूचा, कांजिण्यांच्या विषाणूचा आजार आहे. तिच्याशी हर्पीसच्या तपासणीचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांना पहिल्या प्रकाराची आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना दुसऱ्या प्रकाराची लागण आहे. त्यातल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो.

म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या हाती रिपोर्ट येतो आणि त्यावर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘इक्विव्होकल’ असे छापलेले असते, तेव्हा घोळ सुरू होतो. रक्ताची ही तपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, म्हणजे अँटिबॉडी. एलायझा पद्धतीत प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत विषाणूचे प्रथिन चिकटवलेले असते. त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव टाकतात. प्रतिपिंडे असतील तर ती प्रथिनाला धरून बसतात आणि शेवटी रंग उमटतो. तो रंग किती गडद आहे हे यंत्र मोजते आणि ठरावीक नमुन्याच्या रंगाशी ताडून एक आकडा देते. हा आकडा म्हणजे इंडेक्स. पुष्कळ किटमध्ये ०.९ पेक्षा कमी म्हणजे निगेटिव्ह, १.१ पेक्षा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह आणि मधला पट्टा संदिग्ध धरतात. प्रत्येक किटच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून आजार वाढला की घटला हे ठरवता येत नाही.

खरी अडचण संदिग्ध पट्ट्यापेक्षा त्याच्या लगेच वर आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एचएसव्ही-२ तपासणीत १.१ ते ३.० या दरम्यानचे पॉझिटिव्ह निकाल अनेकदा खोटे ठरतात. त्या देशाच्या औषध प्रशासनानेही २०२३ साली प्रयोगशाळांना आणि डॉक्टरांना असाच इशारा दिला. दोन्ही विषाणूंची बहुतेक प्रथिने सारखी असतात, फक्त ‘ग्लायकोप्रोटीन जी’ हे प्रथिन दोघांचे पुरेसे वेगळे असते. चांगल्या तपासण्या तेवढ्यावरच आधारलेल्या असतात. तरीही पहिल्या प्रकाराची जुनी प्रतिपिंडे किंवा रक्तातले इतर काही घटक थोडाफार रंग आणतात आणि आकडा रेषेच्या जरा वर सरकतो.

यात गणिताचाही भाग आहे, आणि तो डॉक्टरांच्या घाईत सहसा राहून जातो. समजा हजार लोकांत १६० जणांना एचएसव्ही-२ ची लागण आहे. तपासणी लागण झालेल्यांतले ९९ टक्के पकडते, पण न झालेल्यांतल्या १९ टक्क्यांनाही पॉझिटिव्ह ठरवते. मग खरे पॉझिटिव्ह साधारण १५८ आणि खोटेही साधारण १६०, म्हणजे निम्मे रिपोर्ट चुकीचे. लागण हजारात पन्नासच जणांना असेल तर दर चार-पाच पॉझिटिव्हमागे एकच खरा निघतो. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने याच धर्तीच्या हिशोबावरून २०१६ साली लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये असे सुचवले आणि २०२३ मध्ये तेच कायम ठेवले. ‘फुल बॉडी चेकअप’च्या यादीत ही तपासणी घुसवणाऱ्या पॅकेजांना हे सांगायला कुणी गेलेले दिसत नाही.

काही रिपोर्ट तर मुळातच फारसे काही सांगत नाहीत. आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट हा त्यातला पहिला. ‘आयजीएम म्हणजे ताजी लागण’ हा सर्वसाधारण समज हर्पीसला लागू पडत नाही, कारण जुना आजार उलटला तरी आयजीएम दिसू शकतो आणि तो कोणत्या प्रकाराचा हेही कळत नाही. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचा ‘एचएसव्ही १+२’ असा एकत्रित रिपोर्टही तसाच. तो पॉझिटिव्ह आला तर बहुधा बालपणीचा ओठावरचा विषाणूच समोर आलेला असतो. पहिल्या प्रकाराचा स्वतंत्र रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी विषाणू तोंडाजवळ आहे की जननेंद्रियांजवळ, हे रक्तावरून ठरत नाही. हा प्रकारही जननेंद्रियांवर फोड आणू शकतो.

संशय उरलाच तर मार्ग साधे आहेत. संबंध नुकताच आला असेल तर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून संबंधानंतर बारा आठवड्यांनी प्रकारनिहाय आयजीजी पुन्हा करतात. आकडा पॉझिटिव्ह, पण कमीच राहिला तर वेगळ्या पद्धतीच्या तपासणीने खातरजमा करावी लागते. सर्वांत भरवशाची मानली जाणारी वेस्टर्न ब्लॉट ही चाचणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती मिळत नाही. पुढे कधी फोड किंवा चिरा दिसल्या तर त्या सुकण्याआधी त्यांचा स्वॅब घेऊन पीसीआर करणे हा उत्तम पुरावा. फोड नसताना घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये याबाबत सल्ला मिळतो. नुसत्या संदिग्ध आकड्यावर महिनोन्‌महिने असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घेण्यात अर्थ नाही.

लागण पक्की ठरली तर गोष्ट वेगळी. एचएसव्ही-२ असलेल्या, पण कधीच त्रास न झालेल्या माणसाच्या त्वचेवरही अधूनमधून विषाणू येतो आणि जोडीदाराला लागू शकतो. कंडोमने हा धोका कमी होतो, शून्य होत नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्याने घटते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले.

गरोदरपणी ‘टॉर्च’ या तपासणी-संचात हर्पीसही येतो आणि त्यातला आयजीएम पाहून घरात धास्ती पसरते. बाळाला मोठा धोका असतो तो आईला प्रसूतीच्या सुमारास पहिल्यांदाच लागण झाली तर. अशा वेळी बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के सांगितली जाते. जुन्या लागणीत आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोचलेली असतात आणि ही शक्यता एक टक्क्याहून कमी असते. कळा सुरू होताना जननेंद्रियांवर ताजे फोड असतील तर सिझेरियन करतात. रक्तातल्या आकड्यावरून ते ठरवत नाहीत.