पट्टी वर की खाली?

जून २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनवरील आपल्या सफारी ब्राउझरचे नवे रूप जगापुढे मांडले. पत्ता लिहावयाची पट्टी पडद्याच्या माथ्यावरून तळाशी आणली, हा त्यातला मुख्य बदल. त्यामागील विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. फोन वर्षागणिक लांबट होत गेले, माणसाचा अंगठा मात्र होता तेवढाच राहिला. तथापि कंपनी तेथेच थांबली नाही. पट्टी पानावर तरंगती केली गेली आणि पान पुन्हा मागविण्याचे, दुसऱ्यास धाडण्याचे नित्याचे बटण तीन टिंबांच्या आड दडविले गेले. दिवसातून वीसदा जे लागते ते शोधावयास लावणे, यास सुधारणा कशी म्हणावी?

चाचणीसाठी दिलेली आवृत्ती ज्यांनी घेतली होती त्यांनी हाच प्रश्न विचारला. परिणामी त्या उन्हाळ्यात आवृत्तीमागून आवृत्ती आली, दडविलेली बटणे परतली, आणि ऑगस्टमधील सहाव्या चाचणी-आवृत्तीत पट्टी वर हवी की खाली, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी मुभा मिळाली. २० सप्टेंबरला अंतिम आवृत्ती आली ती या मुभेसह. एवढ्या मोठ्या आणि मनस्वी म्हणून ख्यात असलेल्या कंपनीने तीन महिन्यांत माघार घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे.

याउलट उदाहरण फायरफॉक्सचे. हा ब्राउझर चालविणारी मोझिला ही संस्था लोकाभिमुख म्हणून ओळखली जाते. तिच्याकडील दोषांची नोंदवही कोणीही उघडून वाचावी, तीत कोणीही भर घालावी, अशी प्रथा १९९८ पासूनची आहे. ॲपलकडे धाडलेली तक्रार मात्र धाडणाऱ्याखेरीज इतर वापरकर्त्यांच्या दृष्टीस पडत नाही. आणि तरीही २०२० च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवरील फायरफॉक्स मुळापासून नव्याने लिहून सर्वांच्या फोनवर उतरविला गेला, तेव्हा जुन्या आवृत्तीत चालणाऱ्या बहुसंख्य जोडण्या, म्हणजे ब्राउझरला हवे तसे वळण देणारी छोटी साधने, एकाएकी निकामी झाल्या. मोजक्याच शिल्लक राहिल्या. लोकांनी एकेक तारा देऊन राग व्यक्त केला. जोडण्यांचे दार पुन्हा सर्वांस खुले झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये, चारशे पन्नासांहून अधिक जोडण्यांसह. मध्ये तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

उघड्या दाराच्या संस्थेस तीन वर्षे आणि बंद दाराच्या कंपनीस तीन महिने, हा विरोधाभास वरवरचा आहे. पट्टी हलविणे सोपे असते. पाया बदलल्यावर वरची इमारत पूर्ववत उभी करणे सोपे नसते. अँड्रॉइड ही प्रणाली स्मृती कमी पडली की मागे चालू असलेली कामे निर्दयपणे बंद करते. त्यातून तगून राहतील अशा रीतीने जोडण्या नव्याने बेतणे भाग होते, हे मोझिलाचे म्हणणे खोटे नव्हते. खरा आक्षेप निराळा आहे. नव्या ब्राउझरचे पूर्वरूप जून २०१९ पासूनच उपलब्ध होते. पण पूर्वरूप घेतो तो हौशी माणूस. ज्याला त्याचा पत्ताही नसतो, त्याचा ब्राउझर आपोआप बदलतो, आणि तो तक्रार करतो तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

शिवाय तारा देणे ही काही तक्रार नव्हे. तो निषेध होय. फोन कोणता, आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय केले असता काय घडले, एवढे लिहिलेले पत्र अभियंत्यास उपयोगी पडते. कार्यालयात अर्ज हाताळणाऱ्या कारकुनास हे वेगळे सांगावयास नको. पण तसे पत्र लिहावयाचे तर बहुधा इंग्रजीत लिहावे लागते, आणि तेथेच पुष्कळांचे बोट थबकते.

मराठी वाचकास याचा जुना अनुभव आहे. साध्या फोनांच्या काळात ऑपेरा मिनी हा ब्राउझर पुष्कळांच्या हाती होता. त्यात देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. वस्तुतः उपाय त्या ब्राउझरमध्येच होता: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' असे रोमन लिपीत लिहिले की एक गुप्त वाटावे असे पान उघडे, आणि त्यात गुंतागुंतीच्या लिपींसाठी अक्षरांची चित्रे वापरण्याचा पर्याय असे. तो चालू करताच कंपनीच्या दूरच्या यंत्रावर मजकुराचे चित्र होऊन येई, पान काहीसे जड होई, पण मराठी दिसे. नेहमीच्या मांडणीत मात्र त्याचा मागमूस नसे. तो पर्याय एकाने दुसऱ्यास सांगावा आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या फोनवर स्वतः चालू करून द्यावा, हीच त्याच्या प्रसाराची रीत होती.