गावाचे नाव पाहावे की पाणी?

बदलीचा हुकूम, प्रवेशाचे पत्र किंवा विक्रीच्या घराची जाहिरात, काहीही हाती आले की आपण प्रथम गावाचे नाव वाचतो. नाव गोड असेल तर मन निम्मे तयार होते. नाव विचित्र असेल तर घरात चेष्टा सुरू होते आणि कधी कधी एखादी चांगली संधी त्या चेष्टेतच मागे पडते. सैनिकी कुटुंबांना हा अनुभव दर दोन-तीन वर्षांनी येतो. नोकरीत असताना हुकूम निघाला की जावेच लागते. पण निवृत्तीनंतर कायमचे घर कुठे करायचे, हे आपले आपणच ठरवायचे असते. अशा वेळी नावाला किती वजन द्यावे? वाराणसी आणि तिच्या आसपासची काही नावे या प्रश्नाचे उत्तर चांगले देतात.

वाराणसीच्या दक्षिण भागात ‘लंका’ नावाची वस्ती आहे. येथील जुन्या रामलीलेची परंपरा गोस्वामी तुलसीदासांपर्यंत नेली जाते. ही रामलीला एकाच रंगमंचावर होत नसे. वेगवेगळे प्रसंग शहराच्या वेगवेगळ्या भागांत होत, आणि जिथे लंकेचे प्रसंग होत त्या जागेला लंका हेच नाव पडले, असे सांगतात. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांच्या प्रयत्नांतून काशी हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याचे सिंहद्वार आज लंकेवरच आहे. विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालयही आतच आहे. देशभरातले विद्यार्थी खोली शोधताना ‘लंकेत राहायला मिळाले तर बरे’ असे म्हणतात. आपल्याकडे ‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण आहे. दूरच्या श्रीमंतीचा आपल्याला काय उपयोग, असा तिचा अर्थ. या लंकेत विटा मातीच्याच आहेत, पण शिक्षण आणि उपचार हाकेच्या अंतरावर आहेत.

लंकेच्या उत्तरेला अस्सीजवळ भदैनी हा भाग आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून तेथे स्मारक उभे आहे. मोरोपंत तांबे यांच्या या कन्येचे माहेरचे नाव मणिकर्णिका. काशीत मणिकर्णिका म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो घाट, जिथे चिता विझत नाही असे म्हणतात. परक्या माणसाला स्मशानघाटाचे नाव मुलीला ठेवणे अशुभ वाटेल. पण काशीत राहणाऱ्या त्या मराठी घराला त्या नावात तीर्थ दिसले. एकाच शब्दाचा एकाला धाक वाटतो आणि दुसऱ्याला आधार. तेव्हा नाव चमत्कारिक वाटले तर आधी विचारावे, की तिथे राहणाऱ्यांना ते कसे वाटते.

काही नावांमागे मात्र खोल समजुती असतात. वाराणसीच्या पूर्वेला ‘कर्मनाशा’ नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर साठवलेले पुण्य नष्ट होते, अशी जुनी समजूत. त्रिशंकूच्या कथेशी तिचा संबंध जोडतात. काशीयात्रेला जाणाऱ्या भाविकांची त्यामुळे मोठी अडचण होई. ही अडचण दूर करण्यासाठी नाना फडणवीसांनी या नदीवर पूल बांधायला घेतला होता. तो अपुरा राहिला. पुढे १८३० च्या सुमारास बनारसच्या राजा पटनीमल यांनी दगडी पूल पूर्ण करवला. त्या कामात जेम्स प्रिन्सेप हा अभियंता होता. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. लोकांची समजूत एका दिवसात बदलत नाही, पण तिच्यावरून जायला पूल बांधता येतो, हे या मंडळींनी ओळखले.

नदीच्या काठी माणसे तेव्हाही राहत होती आणि आजही राहतात. कर्मनाशेवर धरणे झाली, कालवे निघाले. १९९७ मध्ये वाराणसी जिल्ह्यातून वेगळा झालेला चंदौली जिल्हा आज उत्तर प्रदेशातला भाताचा कटोरा म्हणून ओळखला जातो, आणि त्या भाताला या नदीचेही पाणी मिळते. ज्या पाण्याला शिवू नये म्हणत, त्यावर पीक उभे राहिले.

गोरखपूरच्या पश्चिमेला असलेल्या मगहरची गोष्ट याहून रोखठोक आहे. काशीत मरणाऱ्याला मुक्ती आणि मगहरात मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, असे लोक म्हणत. संत कबीर आयुष्यभर काशीत राहिले आणि अखेरच्या दिवसांत मुद्दाम मगहरला गेले. आज तेथे त्यांची समाधी आणि मजार शेजारी शेजारी आहेत. बदनाम गावाला त्यांच्यामुळे मान मिळाला.

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचीही अशीच कथा आहे. ब्रिटिश काळात मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत थांबत. जहाजे ठरावीक हंगामातच निघत, त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने बसून राहावे लागे. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी काहींचे मनःस्वास्थ्य बिघडे. त्यातून इंग्रजीत ‘डुलाली’ हा शब्द रूढ झाला. अर्थ, डोके फिरलेला. दोष होता रिकाम्या बसण्याचा, नाव गेले गावाचे. आज त्याच देवळालीत भारतीय सैन्याची तोफखाना शाळा आहे, आणि चांगल्या हवेसाठी लोक तिथे मुद्दाम राहायला येतात.

मग नाव कधीच महत्त्वाचे नसते का? असते, दोन वेळा. पहिली वेळ व्यवहाराची. वाराणसीत ‘वाराणसी जंक्शन’, ‘वाराणसी सिटी’, ‘काशी’ आणि ‘बनारस’ अशी वेगवेगळी रेल्वे स्थानके आहेत. त्यांतले ‘बनारस’ २०२१ पर्यंत मडुवाडीह होते. तिकीट काढताना किंवा कुणाला आणायला जाताना नेमके नाव माहीत नसेल, तर गाडी चुकते.

दुसरी वेळ सन्मानाची. काही वस्त्यांची नावे जातीवरून, कुणाला कमी लेखण्यासाठी पडली. अशा नावाचा पत्ता मुलाला शाळेच्या फॉर्मवर लिहावा लागतो, नोकरीच्या अर्जावर लिहावा लागतो. हे ओझे खरे आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. विचित्र नाव आणि अपमान करणारे नाव यांत फरक आहे. पहिल्याला हसून सोडून द्यावे, दुसरे बदलावे. मात्र पाटी बदलल्याने नळाला पाणी येत नाही. त्यासाठी वेगळा पाठपुरावा करावा लागतो.

पालकांनी घर निवडताना काय पाहावे, तेही वाराणसीच दाखवते. तेथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढले होते. लंकेजवळचे नगवा आणि सामने घाट हे सखल भाग मोठ्या पुरात पाण्याखाली जातात. ही नावे ऐकायला साधी आणि सरळ आहेत. त्यांत पुराची खूण कुठेच नाही. म्हणून घर उन्हाळ्यात आवडले तरी ऑगस्टमध्ये एकदा जाऊन पाहावे. भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे, शेजाऱ्याला विचारावे. मग शाळा, दवाखाना, रात्री मिळणारे वाहन, पिण्याचे पाणी आणि माणसांची वागणूक पाहावी. एवढे जुळल्यावर नाव काहीही असो, घर घ्यायला हरकत नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण माणसांइतकीच गावांनाही लागू पडते.

छात्रांनो, नकाशावाचनाच्या तासाला तुम्ही चढ, उतार, पाणी आणि वाट शोधायला शिकता. नाव नकाशावर छापलेले असते, पण तळ कुठे टाकायचा हे त्यावरून कुणी ठरवत नाही. पुढे एखाद्या अनोळखी नावाच्या ठिकाणी नेमणूक झाली, तर नावामागची गोष्ट तेथल्या माणसांकडून जरूर ऐका, आणि पाणी कुठे आहे ते आधी पाहा.