चांदणी चौक पायी कसा ओलांडायचा?

२ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे एकच्या सुमारास पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला. सुमारे सहाशे किलो स्फोटकं लावली होती. आवाज झाला, धुळीचा लोट उठला, आणि कित्येक वर्षं शिव्या खाल्लेला तो पूल काही सेकंदांत खाली आला. उरलेला सांगाडा यंत्रांनी काढला. दहा महिन्यांनी, १२ ऑगस्ट २०२३ रोजी, नव्या पुलांचं आणि रॅम्पच्या जाळ्याचं उद्घाटन झालं. कोथरूड, बावधन, मुळशी, पाषाण, वारजे, सातारा, मुंबई अशा सगळ्या दिशांच्या गाड्यांना आपापली वाट मिळाली.

मग लगेचच दुसरा प्रश्न पुढे आला. या चौकात लोक मुंबईकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे असतात. पाठीला सॅक, हातात पिशवी, बरोबर एखादं लहान मूल. कोथरूडच्या बाजूने येऊन महामार्गापलीकडे जायचं, तर जायचं कुठून? गाडीला आठ वाटा होत्या, पायांना एकही धड नव्हती. भरधाव गाड्यांचा अंदाज घेत, कठड्यावरून पाय टाकत लोक ओलांडू लागले. पादचारी पुलाचा विषय त्यानंतर हाती घ्यावा लागला.

शहरातून जाणाऱ्या महामार्गाचं काम निघालं की चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या सभेपर्यंत काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात. त्यातली बरीचशी चांगल्या मनाने बोललेली असतात. पण ती खरी नसतात, आणि त्यांच्यामुळे नुकसान होतं ते रोज त्या रस्त्यावर असणाऱ्यांचं.

गैरसमज: रस्ता रुंद केला की कोंडी सुटते

कधी सुटते, कधी नाही. कोंडीचे दोन प्रकार वेगळे करून बघायला हवेत. एक म्हणजे बाटलीच्या मानेसारखी कोंडी. मागे-पुढे रस्ता रुंद, मधेच एका ठिकाणी तो आवळलेला. चांदणी चौकाचा जुना पूल असाच होता. महामार्गाची रुंदी त्याच्याखाली अडत होती. अशी मान मोकळी केली की खरोखर फरक पडतो आणि इथेही पडला. ते नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी कोंडी संपूर्ण पट्ट्यावर पसरलेली असते. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, शाळा, कार्यालयं असतात आणि सकाळ-संध्याकाळ सगळे एकाच वेळी निघालेले असतात. तिथे मार्गिका वाढवल्या की सुरुवातीला रस्ता मोकळा वाटतो. तो मोकळा दिसला म्हणून आजवर तो टाळणारे लोक त्यावर येतात. बसने जाणारा दुचाकी काढतो, उशिरा निघणारा ऐन गर्दीच्या वेळी निघतो, दुसऱ्या रस्त्याने जाणारा इकडे वळतो, आणि काही वर्षांनी लांबच्या स्वस्त जमिनीवर नव्या इमारती उभ्या राहतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. पुढे २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या अभ्यासकांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली. मोठ्या रस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचं धावणंही वाढतं, असं त्यांना आढळलं.

ह्यूस्टन शहरातला केटी फ्रीवे २००८ पर्यंत सुमारे २.८ अब्ज डॉलर खर्चून रुंद केला. बाजूचे सेवा रस्ते धरले तर काही ठिकाणी तो २६ मार्गिकांचा झाला. तरीही २०११ ते २०१४ या काळात गर्दीच्या वेळचा प्रवास सकाळी सुमारे ३० टक्क्यांनी आणि संध्याकाळी सुमारे ५५ टक्क्यांनी लांबला.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या विद्यापीठ चौकातलं आहे. गणेशखिंड रस्त्यावरचे जेमतेम दीड दशकाचे दोन उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडले. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोला आणि नव्या दुमजली पुलाला ते अडत होते. पुढची पाच वर्षं लोकांनी पत्र्यांच्या कुंपणामधून वाट काढली. कोंडी सोडवायला बांधलेला पूल त्याच कोंडीसाठी पाडावा लागतो, तेव्हा आधीच्या वेळी कुणाला काय विचारलं होतं, हे शोधून बघणं गरजेचं ठरतं.

गैरसमज: गाड्या मोजल्या म्हणजे गरज कळली

हा गैरसमज सामान्य लोकांपेक्षा तज्ज्ञांच्या खोलीत जास्त सापडतो.

रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात, तो वाहनगणनेवर उभा असतो. ठरलेल्या जागी माणसं किंवा कॅमेरे बसवतात आणि साधारण आठवडाभर, चोवीस तास गाड्या मोजतात. मग प्रत्येक वाहनाचं मोटारीत रूपांतर करतात. या हिशेबाला पीसीयू म्हणतात. मोटार म्हणजे एक, दुचाकी म्हणजे अर्धा, बस किंवा ट्रक म्हणजे तीन, अशी ढोबळ मापं इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात आहेत. म्हणजे पन्नास माणसं घेऊन जाणारी बस तीन मोटारींएवढी धरली जाते, मग त्या तीन मोटारींत एकेकटा चालक का असेना. रस्त्यावर व्यापलेल्या जागेचं माप म्हणून हे बरोबर आहे. किती माणसं पोचली, हे मात्र त्यातून कळत नाही.

पायी चालणाऱ्याला तर या कोष्टकात रकानाच नाही. त्याची वेगळी गणना करावी लागते. ती कुठे करायची, किती वाजता करायची, हे नकाशावर दिसत नाही. साडेबारा वाजता शाळा सुटते आणि दीडशे मुलं याच जागी पलीकडे जातात. रविवारी आठवडी बाजार पुलाखाली भरतो. पाऊस झाला की सेवा रस्त्याच्या अमुक वळणावर गुडघाभर पाणी साचतं आणि सगळ्या दुचाकी मुख्य रस्त्यावर येतात. हे समोरच्या किराणा दुकानदाराला तोंडपाठ असतं. त्याला विचारणं हा मोजणीचाच उरलेला भाग आहे, आणि तो राहून गेला की आराखडा अर्धवट राहतो. मला या सगळ्या विषयात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

या अर्धवटपणाची किंमत आकड्यांत दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के आहे. मृत्यूंमध्ये मात्र त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे.

गैरसमज: पादचारी पूल बांधला की झालं

लोखंडी जिना चढून, वरून चालून, पुन्हा उतरायचं. धडधाकट माणसालाही कंटाळा येतो. गुडघेदुखीच्या आजी, बाळाला कडेवर घेतलेली आई, व्हीलचेअरवरचा माणूस, भाजीची हातगाडी ढकलणारा, यांच्यासाठी तो पूल असून नसल्यासारखा आहे. लोक मग दुभाजकाची जाळी वाकवतात. त्यांना बेशिस्त म्हणण्याआधी वाकलेली जाळी नीट बघा. ती नेमकी तिथेच वाकलेली असते जिथे लोकांना ओलांडायचं असतं. गाव ज्याला वाट म्हणेल, तीच ती वाट. महामार्ग उंचावरून जात असेल, तर खालून सपाट, उजेडाची, पाणी न तुंबणारी वाट ठेवणं बहुतेक ठिकाणी जमतं, पण ते आराखड्याच्या वेळीच ठरवलं तर. पदपथाची चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यात विजेचा खांब किंवा ट्रान्सफॉर्मर धरायचा नसतो.

गैरसमज: जनसुनावणी कायद्यानेच होते, आपण तेव्हा बोलू

ही समजूत सगळ्यात महाग पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

जनसुनावणी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे मांडव, माइक आणि जिल्हाधिकारी येतात. ती सुनावणी १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतून येते. पण २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला ती अधिसूचना लागू होते, ती ढोबळमानाने विस्तार शंभर किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि आहे त्याच मार्गावर चाळीस मीटरपेक्षा जास्त जादा जागा लागत असेल तर. वळणमार्गासाठी ही मर्यादा साठ मीटर आहे. शिवाय ज्या विस्तारात नवीन जमीन घ्यायची नाही, त्याला लोकांशी सल्लामसलत करण्यातून मूळ अधिसूचनेतच सूट आहे. शहरातला पाच-सात किलोमीटरचा उन्नत मार्ग किंवा एका चौकातली पुलांची गुंफण या चाळणीत येतच नाही. मांडव पडणार म्हणून वाट पाहत बसलेल्यांच्या दारात एक दिवस थेट पोकलेन येतो.

मग कायद्यात काय उरतं? तुकडे उरतात. वेगवेगळ्या कायद्यांतले, वेगवेगळ्या मुदतींचे.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३अ खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बारीक टायपातली ती जाहिरात, गट नंबर आणि क्षेत्रफळांच्या रांगाच रांगा, लिलाव आणि निविदांच्या शेजारी. कलम ३क प्रमाणे त्या जमिनीत हितसंबंध असलेल्याला एकवीस दिवसांत हरकत घेता येते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याला त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण हा हक्क जमिनीशी बांधलेला आहे. रोज तो रस्ता ओलांडणाऱ्या विद्यार्थिनीला या कलमात जागा नाही.

रस्ता महापालिकेचा असेल, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची आधीची रेषा बदलण्याच्या महिनाभर आधी जाहीर नोटीस काढावी लागते. विकास आराखड्यातला फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली येतो आणि तिथे कुणीही नागरिक हरकत किंवा सूचना देऊ शकतो. मालकी लागत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे. तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. सकाळी फिरायला जाताना वडाच्या बुंध्यावर कागद दिसला, तर पुढे जाऊ नका. फोटो काढा, तारीख वाचा.

या सगळ्या मुदती संपल्यावर चौकात फलक लावून आंदोलन होतं. तोवर आराखडा मंजूर, निविदा उघडलेली, कंत्राटदार नेमलेला असतो. त्या टप्प्यावर एक जिना हलवायचा म्हटला तरी फाइल पुन्हा वरपर्यंत जाते.

गैरसमज: लोकांना विचारलं की काम रखडतं

चांदणी चौकाचं भूमिपूजन २०१७ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि उद्घाटन २०२३ च्या ऑगस्टमध्ये. मधली वर्षं लोकांचं म्हणणं ऐकण्यात गेली नाहीत. मुख्यतः जमीन ताब्यात येण्यात गेली. कामाला शेवटचा वेग कसा आला, तेही आठवतं. ऑगस्ट २०२२ मध्ये साताऱ्याकडे निघालेले मुख्यमंत्री एकनाथ शिंदे या कोंडीत अडकले आणि लोकांनी तिथेच त्यांना गाऱ्हाणं सांगितलं. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत पूल पाडला गेला. तेच गाऱ्हाणं लोक वर्षानुवर्षं सांगत होते.

जमीन द्यायला लोक का अडतात? बहुतेक वेळा मोबदल्याचा हिशेब कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो. महामार्गासाठी गेलेल्या जमिनीला कमी पैसे मिळतात, हा समज अजून पक्का आहे. वस्तुस्थिती अशी की १ जानेवारी २०१५ पासून मोबदला ठरवण्याच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या तरतुदी इथेही लागू आहेत. महामार्ग कायद्यात दिलासा रक्कम नाकारणारी जी अट होती, ती २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात घटनाबाह्य ठरवली. शिवाय २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या फक्त मालकापुरती नाही. तीन वर्षांपासून तिथे राहणारा किंवा तिथल्या कामावर पोट असणाराही तिच्यात येतो. गाळा भाड्याने घेतलेल्या शिंप्याला हे मोजणीच्या दिवशीच सांगितलं, तर तो अडवायला उभा राहण्याऐवजी कागद गोळा करायला लागेल.

गैरसमज: हरकत म्हणजे विरोध

कायद्याचे शब्द ‘हरकती व सूचना’ असे जोडीने येतात. आपण त्यातला पहिलाच वापरतो. ‘आमचा या प्रकल्पास तीव्र विरोध आहे’ अशी एका मजकुराची पाचशे पत्रं गेली, तर सुनावणीत त्यांची एकच ओळ होते. त्याऐवजी एक पत्र असं लिहून बघा: अमुक शाळेच्या फाटकासमोर सकाळी पावणेसात ते साडेसात आणि दुपारी साडेबारा ते एक, या वेळांत तीन दिवस आम्ही उभे राहून मोजलं, इतकी मुलं ओलांडतात, नकाशात इथे सलग कठडा दाखवला आहे, जवळची वाट इतक्या मीटरवर आहे, इथे भुयारी वाट द्यावी. सोबत फोटो, वेळ, जागा. असं पत्र फेटाळायचं तर अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं, आणि ते कारण पुढे न्यायालयातही वाचता येतं.

नकाशा मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात डीपीआर आणि वाहनगणनेची पानं मागता येतात. उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि ३क ची मुदत एकवीस दिवसांचीच आहे. म्हणून अर्ज अधिसूचनेची वाट न बघता करायचा: दुकानाच्या खांबावर मोजणीवाल्यांनी लाल रंगाची खूण मारली, त्याच आठवड्यात. एकवीस दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. शेजाऱ्याने कात्रण आणून दाखवलं, त्या दिवसापासून नाही.